काढा

अबीबू रात्री सरोवरावर जातो
होडीच्या टोकाला दिवा टांगून.
उजेडाला भुलून उसिपाचा थवा वर येतो,
आणि पहाटे मांडीइतक्या पाण्यात उभं राहून
तो जाळं ओढतो,
जसं बापाने ओढलं, आजाने ओढलं.
काठच्या लव्हाळ्यात गोगलगायी असतात,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

दहाव्या वर्षी त्याची लघवी लाल झाली
तेव्हा पोरं ओरडली होती, झाला, हा पुरुष झाला!
काकाने त्या दिवशी
त्याच्या ताटात एक मासा जास्त वाढला.

लग्नाला सहा वर्षं. एनिफाची कूस उजवली नाही.
म्हणून आत्या, बिती सलांजे,
उजाडायच्या आत झाडाकडे जायची,
झाडाची माफी मागायची,
पूर्वेकडची साल तेवढी सोलायची,
एक तृतीयांश उरेपर्यंत उकळायची.
एनिफा प्यायची.
मी विचारलं, किती कडू?
म्हणाली, जीभ दुसऱ्या कुणाची तरी वाटायची.
सहा वर्षं. प्रत्येक अमावास्येनंतर सात दिवस.
हिशेब तुम्ही करा, मी केला आहे.

माझं काम मोजण्याचं.
मांगोचीच्या दवाखान्यात, कडी नसलेल्या दारामागे,
माझा मायक्रोस्कोप.
अबीबू आला तो साखरेच्या पिशवीत
इवलीशी बाटली गुंडाळून.
टेबलावर ठेवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला,
गेल्या वर्षीचं.

थेंबात पोहणारे थोडेच होते,
वाट चुकल्यासारखे.
आणि त्यांच्यामध्ये एक अंडं,
लांबट, शेवटाला काटा.

तुला ठाऊक आहे का अबीबू,
तुझ्या शिरेत एक जोडपं राहतं?
नर आपल्या अंगाच्या खाचेत मादीला धरून असतो,
वर्षानुवर्षं, दिवसरात्र.
असा संसार मी कुठे पाहिला नाही.
रोज शेकडो अंडी.
तुझ्या घरात पाळणा हलत नाही
आणि तुझ्याच रक्तात ही भरभराट.
हे मी त्याला बोलले नाही. म्हटलं, जंत आहेत.
उंची मोजायच्या काठीला उभं केलं,
काठीने सांगितल्या तेवढ्या
पांढऱ्या गोळ्या हातावर ठेवल्या.

पण आत्याची ती साल
मी झोंबाला पाठवली होती, प्रयोगशाळेत.
वाळवली, कुटली, दारूत भिजवली, गाळली.
पोतंभर सालीतून उरलं
नखभर पिवळं काहीतरी.
बशीत जंतांच्या जोडीवर सोडलं.
तीन चाळीसला नराची मिठी सुटली.
मादी बाजूला वाहत गेली
आणि तिथे असलेली आम्ही तिघं
उगाचच गप्प झालो.

मग उंदीर. अकरा.
त्यांचे पोहणारे पुन्हा वाढले, आकडे माझ्याकडे आहेत.
अकरा म्हणजे अकराच,
मी त्यांचा बारावा करणार नाही.
झाडाचं नाव मी इथे लिहीत नाही.
लिहिलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत
सगळ्या दिशांनी सोललेलं उभं दिसेल.

एनिफाला मात्र सांगायलाच हवं होतं.
ती रॅकवर मासळी पसरत होती.
बराच वेळ पसरतच राहिली.
मग म्हणाली, म्हणजे औषध बरोबर होतं?
म्हटलं, कदाचित. अजून माणसावर...
तिने मला पूर्ण करू दिलं नाही.
म्हणाली, औषध बरोबर. तोंड चुकलं.

संध्याकाळी तिने चुलीवर शेवटचा काढा ठेवला,
उरल्यासुरल्या सालीचा,
आणि वाटी अबीबूसमोर सरकवली.
मी म्हटलं, गोळ्या घेतल्यात त्याने, याची गरज नाही,
शिवाय किती द्यायचं ते अजून कुणालाच...

त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.
वाटी तोंडाला लावली. पहिल्या घोटालाच
चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला.

एनिफा म्हणाली, पिऊ दे गं.
एकच वाटी.
तळापर्यंत.